लहरींचा सरवा



या व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आयोजकांनी माझ्यावर सोपविले होते. उभे आयुष्य महाविद्यालयात मराठी शिकविण्यात गेलेला हा माणूस एखाद्या संतकवीवर किंवा बडोद्याच्या वाङ्मयीन परंपरेवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. ती मी पुरी करू शकत नाही, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. मी बोलणार आहे ते मोटारीच्या काचेवर चिकटविलेल्या एका कागदी पट्टीविषयी. या विषयाचा आणि ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांचा काय संबंध, हे ओघात स्पष्ट होईल. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव आहेच. आम्ही मुले त्यांना नुसते 'सर' म्हणत असू आणि शाळेत दुसरे कितीही शिक्षक असले तरी त्या शब्दाचा अर्थ बदलत नसे. मीही आज तेच संबोधन वापरणार आहे.

१. टोलनाक्यावरचा प्रश्न

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब सुरतेला निघालो होतो. करजणजवळच्या भरथाणा टोलनाक्यावर मोटार क्षणभर मंदावली, समोरचा दांडा वर गेला आणि आम्ही पुढे सरकलो. माझा नातू आठवीत आहे. त्याने काचेवरच्या फास्टॅगकडे बोट दाखवून विचारले, "आबा, याला सेल कुठे आहे?" मी चष्मा लावून पाहिले. सेल नव्हता, तार नव्हती, ठेवायला जागाही नव्हती. गाडी चालविणारा माझा मुलगा अभियंता आहे. तो म्हणाला, "सेल नाहीच. वरच्या यंत्रातून लहरी येतात, त्यांतूनच तो शक्ती घेतो आणि आपला क्रमांक सांगतो." नातवाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे फुकट!"

त्या एका शब्दाने मला साठ वर्षे मागे नेले. कारण हाच शब्द मी माझ्या वहीत लिहिला होता आणि सरांनी तो लाल शाईने खोडला होता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०१० साली नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी बिनसेलाच्या बिल्ल्याची शिफारस केली. २०१४ साली त्याचा पहिला प्रयोग अहमदाबाद-मुंबई या पट्ट्यावर झाला. म्हणजे आपले बडोदे त्या प्रयोगाच्या वाटेवरच होते. पुढे फेब्रुवारी २०२१पासून महामार्गावरील पथकरासाठी ही पट्टी सक्तीची झाली. आज आपल्यापैकी ज्यांच्या घरी मोटार आहे त्या प्रत्येकाच्या काचेवर ती आहे, आणि तरीही तिच्याविषयी मराठीत दोन सरळ वाक्ये कोणी आपल्याला सांगितलेली नाहीत.

२. सरांचा खडा

१९६४ साली मी या शाळेत आठवीत होतो. सर आम्हांला पदार्थविज्ञान शिकवीत. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हां सहा-सात मुलांना थांबवून घेतले आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात तांब्याच्या तारेचे एक वेटोळे होते, लष्करी भंगारातून मिळालेली कानाला लावायची श्रवणयंत्रांची जोडी होती आणि पितळी वाटीत बसविलेला, शिशासारखा चकाकणारा एक लहानसा खडा होता. त्या खड्याला टेकेल अशी एक बारीक, लवचीक तार होती. शाळेच्या गच्चीपासून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत एक लांब तार ताणलेली होती. दुसरी तार पाण्याच्या नळाला बांधली होती. सर त्या बारीक तारेचे टोक खड्यावर इकडेतिकडे टेकवीत होते. एकाएकी त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी श्रवणयंत्र माझ्या कानाला लावले. फार दुरून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज येत होता. आकाशवाणीच्या अहमदाबाद-बडोदे केंद्रावर कोणीतरी गुजरातीत बोलत होते.

सेल नव्हता. विजेची जोडणी नव्हती. मी टेबलाखाली वाकून पाहिले.

सरांनी सांगितले, "सोमवारी प्रत्येकाने या यंत्रावर एक पान लिहून आणायचे. कसे चालते ते लिहा. आणि ही शक्ती कोणाची, ते लिहा." माझे मराठी तेव्हाही बरे होते. मी दोन पाने लिहिली. त्यांत आकाशातून वाहणाऱ्या स्वरगंगेचे वर्णन होते आणि शेवटी एक वाक्य होते: हे यंत्र फुकट चालते. वही परत आली तेव्हा सगळी स्वरगंगा तशीच होती; फक्त 'फुकट' हा शब्द खोडलेला होता आणि समासात लिहिले होते, "कोणीतरी भरत असतो. कोण, ते शोधून पुन्हा लिही."

मी पुन्हा लिहिले नाही. त्या वर्षी सहामाही परीक्षा आली, मग स्नेहसंमेलन आले, आणि नंतर मी कला शाखेकडे वळलो. सरांनी त्या पानाची आठवण मला कधीही करून दिली नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे ते राहिलेले पान आहे.

३. खड्याची वंशावळ

डब्यातला तो खडा गॅलेना नावाच्या खनिजाचा होता. शिसे आणि गंधक यांचे ते संयुग. १८७४ साली फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाला असे आढळले की, अशा काही खनिजांवर धातूचे टोक टेकविले तर वीज एका दिशेने सहज जाते आणि उलट दिशेने अडते. गिरणीच्या बाष्पकात किंवा घरच्या पंपात जशी एका बाजूलाच उघडणारी झडप असते, तशी ही विजेची झडप. शास्त्रीय मराठीत तिला 'एकदिशकारक' म्हणतात. ब्राउन यांना ही गोष्ट दिसली तेव्हा रेडिओलहरींचा शोधही लागलेला नव्हता. त्यामुळे या झडपेचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता आले नसते.

तो उपयोग ज्यांनी प्रथम ओळखला त्यांत आपल्याच देशातील आचार्य जगदीशचंद्र बसू होते. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी विद्युत्‌लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून आणि दारू उडवून दाखविली. यात एक बारकावा आहे. घंटा वाजविणारी शक्ती लहरींची नव्हती. लहरी फक्त कळ दाबीत होत्या, शक्ती तेथे आधीच ठेवलेली होती. पुढे बसूंनी गॅलेनाचा स्फटिक लहरी ओळखण्यासाठी वापरला आणि मित्रांच्या आग्रहावरून १९०१ साली अमेरिकेत त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते १९०४ साली मिळाले. अर्धसंवाहक पदार्थाच्या उपकरणावरील अगदी आरंभीच्या एकस्वांत त्याची गणना होते.

लहर ही क्षणात पुढे, क्षणात मागे अशी ढकलत असते. दोन्ही ढकलण्या सारख्याच, म्हणून बेरीज शून्य. तिच्या वाटेत झडप बसविली की पुढची ढकलणी पार होते, मागची अडते, आणि पलीकडे एकाच दिशेची वीज उरते. सरांच्या श्रवणयंत्राचा पडदा हलत होता तो या उरलेल्या विजेने. बसूंच्या घंटेप्रमाणे येथे आधी ठेवलेली शक्ती नव्हती. जो निरोप होता, तीच शक्ती होती.

ही शक्ती कोठून येत होती? आपल्या शहरापुरते उत्तर अभिमानाचे आहे. देश स्वतंत्र झाला त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानातील केंद्रांखेरीज पाच संस्थानी केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदे. संस्थानाच्या विलीनीकरणाच्या सुमारास बडोद्याचे केंद्र आकाशवाणीच्या जाळ्यात आले. म्हणजे कडुनिंबाच्या तारेवर आम्ही जे टिपत होतो ते सरकारी खजिन्यातून, अखेरीस रयतेच्या करातून आलेले होते. भरणारा कोण, या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. मात्र आम्ही ऐकले म्हणून केंद्राचा खर्च कणभरही वाढत नव्हता. आम्ही टिपले नसते तर ती लहर झाडांत, भिंतींत, मातीत जिरून गेली असती.

४. शिडी

आता टोलनाक्यावरच्या पट्टीकडे येतो. तिच्यात प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये धातूचा एक पातळ नक्षीदार आकाशक असतो आणि त्याच्या मध्यभागी मोहरीच्या दाण्याहून लहान असा सिलिकॉनचा तुकडा. बडोदे केंद्राची लहर टिपायला आम्हांला गच्चीपासून झाडापर्यंत तार लागली. येथे बोटभर धातू पुरतो, कारण लहरच लांडी आहे. आपल्या देशात अशा बिल्ल्यांसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त करण्यात आला. ही लहर सेकंदाला शहाऐंशी कोटींहून अधिक वेळा पुढे-मागे होते आणि तिची लांबी सुमारे पस्तीस सेंटिमीटर भरते.

नाक्यावरचे यंत्र बिल्ल्याच्या दिशेने जास्तीत जास्त चार वॅटच्या हिशेबाने लहर सोडते. दिवाळीत आपण माळेतला एखादा छोटा दिवा लावतो, तेवढीच ही शक्ती. ती सगळीकडे पसरत जाते आणि अंतर दुप्पट झाले की हाती येणारा वाटा चौथाईवर येतो. दहा मीटरवरच्या पट्टीला मोकळ्या जागेत मिळते ती साधारण तीस ते पन्नास मायक्रोवॅट, म्हणजे निघालेल्या शक्तीचा सुमारे एक लाखावा हिस्सा. एवढ्यात त्या दाण्याला जागे व्हायचे असते, प्रश्न समजून घ्यायचा असतो, आपला क्रमांक शोधायचा असतो आणि उत्तर द्यायचे असते.

अडचण केवळ शक्तीची नाही, दाबाची आहे. विजेच्या झडपेला एक उंबरठा असतो. सिलिकॉनच्या साध्या झडपेचा उंबरठा सुमारे ०.६ व्होल्टचा; आणि आकाशकाशी येणाऱ्या त्या क्षीण लहरीचा दाब एक दशांश व्होल्टही भरत नाही. दाराशी आलेला पाहुणा उंबरठाच ओलांडू शकत नाही, मग घरात काय येणार? त्यात दाण्याला काम करायला सुमारे एक व्होल्ट हवा.

यावर अभियंत्यांनी तीन उपाय योजिले. पहिला उपाय अनुस्पंदनाचा. आपल्या बडोद्यात झोपाळ्यावाचून घर नाही. लहान मूल पायाच्या अंगठ्याने नेमक्या वेळी टेकू देत गेले तर मोठा झोपाळाही उंच जातो. आकाशक आणि दाणा यांची मापे अशी जुळवितात की, लहरीची प्रत्येक ढकलणी आधीच्या ढकलणीत मिळत जावी आणि दाब आपोआप वाढावा. दुसरा उपाय उंबरठाच कमी करण्याचा. धातू आणि अर्धसंवाहक यांच्या सांध्याची, शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी झडप घ्यायची. तिचा उंबरठा पाव व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. ही धातूच्या टोकाची झडप म्हणजे सरांच्या खड्याचीच सुधारलेली नात होय.

तिसरा उपाय सर्वांत देखणा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हाइनरिख ग्राइनाखर या स्विस शास्त्रज्ञाने झडपा आणि धारित्रे यांची एक शिडी रचली. धारित्र, लोकांच्या तोंडचा कंडेन्सर, म्हणजे वीज साठविण्याचे भांडे. लहर मागे सरली की पहिल्या झडपेतून पहिले भांडे भरते. लहर पुढे आली की तिचा स्वतःचा दाब आणि भरलेल्या भांड्याचा दाब एकत्र होऊन दुसऱ्या झडपेतून दुसऱ्या भांड्यात उतरतात. दाब दुप्पट झाला. अशा पायऱ्या एकावर एक चढवीत गेले की दाब वाढत जातो. शक्ती मात्र वाढत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दाब वाढतो तसा प्रवाह घटतो, आणि प्रत्येक झडप आपला उंबरठा वसूल करून घेते. म्हणून फार पायऱ्याही परवडत नाहीत.

हीच शिडी वापरून १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लाखो व्होल्टचा दाब निर्माण केला आणि अणुकेंद्र फोडले. त्याबद्दल त्यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७६ साली जॉन डिक्सन यांनी ती शिडी सिलिकॉनच्या एका तुकड्यावर बसविण्याजोगी करून दिली. अणू फोडण्यासाठी लाखो व्होल्टपर्यंत चढलेली ही युक्ती आज एका व्होल्टपर्यंत पोहोचण्यासाठी मोहरीएवढ्या जागेत धडपडते. २००३ साली कार्थाउस आणि फिशर या अभियंत्यांनी १६.७ मायक्रोवॅट एवढ्याच लहरीवर जागा होणारा तुकडा करून दाखविला. आजचे तुकडे त्याहूनही कमी शक्तीत भागवितात.

५. आरसा

शक्ती मिळाली, आता उत्तर कसे द्यावे? स्वतःची लहर निर्माण करणे एवढ्या शिदोरीत शक्य नाही. येथे या गोष्टीची दुसरी वंशावळ सुरू होते आणि तिचा आरंभ शाळकरी मुलांपासून आहे.

ऑगस्ट १९४५मध्ये सोव्हिएत मुलांच्या एका पथकाने मॉस्कोतील अमेरिकन राजदूत ॲव्हेरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. राजदूतांनी ती आपल्या निवासस्थानी अभ्यासिकेत लावली. ती तेथे सात वर्षे राहिली. १९५२ साली तिच्या पोटात एक पोकळ धातूची डबी आणि लहानशी काडी सापडली. लेव थेरेमिन या रशियन संशोधकाची ती करामत होती. डबीत सेल नव्हता, झडप नव्हती, शिडीही नव्हती. बाहेरून कोणी तिच्यावर लहर सोडली की खोलीतल्या बोलण्याने डबीचा पातळ पडदा हले आणि परत फिरणाऱ्या लहरीत ते बोलणे उमटे. लहर नसली की ती मुकी. त्यामुळे शोधणाऱ्यांना ती सापडतही नसे.

१९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संदेश देण्याच्या कल्पनेवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि ती प्रत्यक्षात येण्यापूर्वी पुष्कळ संशोधन व्हावे लागेल, अशी जाणीवही दिली. तसेच झाले. एकात्म मंडले यायची होती. १९६४ साली विल्यम ब्राउन यांनी अमेरिकेत सूक्ष्मलहरींच्या शक्तीवर एक लहानसे हेलिकॉप्टर तरंगत ठेवून दाखविले. सर आमच्या कानाला श्रवणयंत्र लावीत होते, तेच ते वर्ष. जानेवारी १९७३मध्ये मारिओ कार्डुलो यांना स्मरणशक्ती असलेल्या बिनसेली बिल्ल्याचे एकस्व मिळाले. त्यांनी १९७१ साली त्याचे प्रात्यक्षिक न्यूयॉर्कच्या बंदर-प्राधिकरणाला दाखविले होते आणि डोळ्यांपुढे होता तो पथकरच. १९७५ साली लॉस अलामॉस येथील केल, डेप आणि फ्रेमन यांनी परत फिरणाऱ्या लहरीवर ओळखीची खूण उमटविण्याची रीत मांडली.

ती रीत लहान मुलालाही ठाऊक आहे. उन्हात आरसा धरून समोरच्याच्या डोळ्यांवर कवडसा पाडणारे मूल स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. सूर्याचाच प्रकाश ते दाखविते आणि झाकते. बिल्लाही आपल्या आकाशकावरचा भार क्षणात बदलतो. एका स्थितीत तो लहर गिळतो, दुसऱ्या स्थितीत परत लोटतो. या गिळण्या-लोटण्याच्या क्रमातून त्याचा क्रमांक नाक्यावरच्या यंत्राला कळतो. जेवताना बोलू नये असे आपल्याकडे मुलांना शिकवितात. बिल्ल्याला हा नियम निसर्गानेच घालून दिला आहे: जितकी लहर तो परत लोटील तितकी त्याच्या पोटात कमी जाईल. म्हणून त्याच्याजवळ एक लहानसे साठवणीचे भांडे असते आणि घोट घोट पीत तो उत्तर देतो.

६. नाव काय द्यावे?

येथवर मी अभियंत्यांची कामगिरी सांगितली. आता माझ्या व्यवसायाकडे येतो. या सगळ्या विद्येला मराठीत नाव काय?

बडोद्यात हा प्रश्न विचारणे म्हणजे पूर्वजांचे ऋण आठवणे आहे. १८९० साली महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केले ते याच धारणेने की, कारागिराच्या मुलाला यंत्रविद्या त्याच्या भाषेतून मिळाली पाहिजे. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे तेच विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत विकसित झाले. १९१०मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारविले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत आणि ग्रंथालयांचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघे. १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. गावातल्या चावडीवर जो शब्द उच्चारता येत नाही तो कारभारही रयतेचा होत नाही, हे त्यामागचे मर्म होते.

इंग्रजीत या विद्येला शक्तीची कापणी अशा अर्थाचे नाव आहे. ते मला पटत नाही. कापणी करणाऱ्याने पेरलेले असते. येथे पेरणारा वेगळा आहे. आपल्या भाषेत याहून नेमका शब्द आहे. शेतातली सुगी आटोपल्यावर मातीत सांडलेले दाणे आणि गळालेली कणसे गोरगरीब बायका-मुले वेचून नेत. त्याला 'सरवा' म्हणतात. धनी त्याला आडकाठी करीत नसे. सरवा वेचणाऱ्याने शेत कमी होत नाही आणि वेचणाऱ्याला कोणी नाव-गाव विचारीत नाही. सरांचा खडा लहरींचा सरवा वेचीत होता. बडोदे केंद्राने जे शहरभर उधळले, त्यातले मूठभर आमच्या कानी आले.

या व्याख्यानाला मी हेच शीर्षक देऊन टाकले आणि टिपणे काढायला बसलो. तेव्हा लक्षात आले की, टोलनाक्यावरच्या पट्टीला हा शब्द लागू पडत नाही. नाक्यावरची लहर शेतात उरलेली नाही. ती त्या पट्टीसाठीच मुद्दाम वाढलेली आहे आणि वाढणाऱ्याला बदल्यात काहीतरी हवे आहे. तिला दुसरा शब्द पाहिजे; आणि तो मला सरांच्याच एका आठवणीत सापडला.

७. वारावरचे जेवण

सर रत्नागिरीकडून पोरवयात बडोद्याला आले आणि वार लावून शिकले. आजच्या मुलांसाठी सांगतो: गरीब विद्यार्थ्याला आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवायला मिळे, त्याला वारावरचे जेवण म्हणत. निवृत्तीनंतर एकदा मी त्यांना भेटायला गेलो असता त्यांनी त्या सात घरांविषयी सांगितले. सोमवारच्या घरी आजी न बोलता वाढीत आणि उठताना ताकाची वाटी पुढे करीत. गुरुवारच्या घरी पान मांडले की यजमान प्रश्न सुरू करीत: गोत्र कोणते, वडील काय करतात, या आठवड्यात कोणाकोणाकडे जेवलास, त्यांच्याकडे काय होते? "अन्न दोन्हीकडे सारखेच चांगले होते," सर म्हणाले. "पण गुरुवारी पानावर बसल्यावर उत्तर न देण्याची सोय नव्हती. भूक लागलेल्या मुलाने काय करावे?"

श्रोतेहो, बिल्ल्याची गोष्ट ही गुरुवारच्या घराची गोष्ट आहे. जो वाढतो तोच विचारतो, आणि ज्याला वाढले त्याला उत्तर द्यावेच लागते. त्याच्याजवळ स्वतःची शिदोरी नसल्याने तो आपण होऊन कधी बोलत नाही. आणि योग्य रीतीने विचारले असता, एरवी गप्पही बसत नाही. टोलनाक्यावर यात काही वावगे नाही. वाट वापरली, पैसे दिले, रांग टळली. पण अशाच पट्ट्या कपड्यांना, सामानाला आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांनाही लागल्या आहेत. पुस्तकांसाठी बहुधा वेगळ्या वारंवारतेच्या, हातभर अंतरावरच वाचता येणाऱ्या पट्ट्या असतात, हे खरे. तरीही एखाद्या वाचकाच्या पिशवीत कोणते पुस्तक आहे हे त्याच्या नकळत विचारता येऊ शकते, ही शक्यता ज्या शहरात बॉर्डन यांनी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठविल्या त्या शहराने तरी मनावर घेतली पाहिजे.

शास्त्रज्ञांनाही याची जाणीव होती. आजच्या प्रचलित मानकात संकेतशब्द देऊन बिल्ला कायमचा मुका करण्याची तरतूद आहे. म्हणजे दुकानातून वस्तू बाहेर पडली की तिचे बोलणे थांबविता येते. पण ही तरतूद वापरायची की नाही, हे बिल्ला ठरवीत नाही. संकेतशब्द ज्याच्या हाती तो ठरवितो. तो कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न अभियंत्यांचा नाही. तो आपणां सर्वांचा आहे, आणि आपल्या भाषेत विचारता आला तरच तो आपण विचारू.

मी यंत्राच्या विरुद्ध बोलत नाही. एका वॅटच्या लाखाव्या भागाच्याही निम्म्यात जागा होऊन आपले काम करणारा तो दाणा पाहून माझे हात जोडले जातात. इतकी काटकसर मी सरांखेरीज कोणात पाहिली नाही. पण सोमवारचे घर आणि गुरुवारचे घर यांतला भेद ज्याला कळतो तोच दोन्ही ठिकाणी मानाने जेवू शकतो. सरांनी ती सात घरे शेवटपर्यंत एका वहीत लिहून ठेवली होती. मिळवते झाल्यावर त्यांनी शाळेतल्या गरजू मुलांना कधी शुल्क घेऊन शिकविले नाही. फेड कोणाची, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुवारच्या घराचीसुद्धा. त्यांनीही भरलेच होते ना!"

नातवाला घरी परतल्यावर मी हे सारे सांगितले. त्याने जुन्या रेडिओतली एक जर्मेनियमची झडप मिळविली आहे, वेटोळे गुंडाळले आहे आणि गच्चीवर तार ताणली आहे. आता त्याला मी एक पान लिहायला सांगितले आहे, मराठीत. त्याआधी माझे स्वतःचे पान पुरे करणे भाग होते. आठवीच्या वहीतले ते शेवटचे वाक्य मी आता असे लिहितो: हे यंत्र दुसऱ्याने भरलेल्या शक्तीवर चालते, भरणारा कोण आणि तो बदल्यात काय मागतो, हे चालविणाऱ्याने विचारून घ्यावे.

सर हे वाक्य तपासायला नाहीत. त्यांच्या वतीने आपण ते तपासावे, अशी विनंती करतो.